आधी कोण जाणार? बाबांना घेऊन म्युनिक ते सिएना, गाडीने

युरोपात गाडी भाड्याने घेऊन फिरायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांना एकच काळजी, रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवता येईल का. आता फिरून आल्यावर सांगते, उजव्या बाजूची सवय पहिल्या दिवशीच होते, त्याचं काही विशेष नाही. डोकं खातात ते बाकीचे नियम. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली असे तीन देश एका रस्त्याने जोडलेले, बॉर्डर कधी गेली कळतसुद्धा नाही, पण पाट्यांचे रंग बदलतात, टोलची पद्धत बदलते, पार्किंगच्या रेघांचे अर्थ बदलतात. म्हणून दिवसावार लिहून ठेवतेय, कोणी जाणार असेल तर कामाला येईल.

आम्ही चौघं. मी, नवरा, आई आणि बाबा. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, संगमनेर डेपो, आता रिटायर झालेत. गाडी मी आणि नवरा आलटून पालटून चालवणार होतो, कारण आरटीओतून इंटरनॅशनल परमिट आम्ही दोघांनीच काढलं होतं (ते वर्षभर चालतं आणि सोबत आपलं मूळ लायसन्स लागतंच, नुसतं परमिट दाखवून भागत नाही). पण पुढच्या सीटवर बाबाच बसणार हे न बोलता ठरलेलं.

शनिवार, म्युनिक

गाडी ताब्यात घेताना बाबांनी आधी टायर बघितले, मग स्टेपनी कुठेय ते विचारलं. आम्ही कागद बघितले. ऑस्ट्रिया आणि इटलीत गाडी न्यायची परवानगी करारात लिहून घ्या, हे फार महत्त्वाचं, बऱ्याच कंपन्या काही देशांत गाडी नेऊ देत नाहीत. काचेवर हिरवा गोल स्टिकर आहे का बघा, म्युनिकसारख्या शहरांच्या आतल्या भागात तो नसेल तर गाडी न्यायला बंदी आहे, प्रदूषणामुळे. आणि चमकणारं जाकीट डिकीत न ठेवता हाताशी ठेवा, हायवेवर गाडी बंद पडून खाली उतरायची वेळ आली तर ते अंगात घालूनच उतरायचं.

शहरात पहिलाच उजवा टर्न घेताना बाबा म्हणाले थांब, आणि बरोबर होतं त्यांचं, शेजारून सायकलवाली सरळ निघाली होती. तिथे सायकलचा ट्रॅक आपल्या उजव्या हाताला असतो, आपण वळतोय आणि ती सरळ जातेय तर तिचा हक्क पहिला. तसंच ज्या गल्लीत आपण वळतोय ती गल्ली कोणी पायी ओलांडत असेल तर त्याचाही पहिला, मग तिथे झेब्रा असो नसो, आपला सिग्नल हिरवा असला तरीही. त्यामुळे प्रत्येक उजव्या वळणाला मान मागे वळवून बघायचं, नुसत्या आरशावर विसंबायचं नाही.

मग आम्ही राहायच्या ठिकाणी, वस्तीत शिरलो. ३० ची पाटी लागली आणि त्यानंतर चौकांत ना सिग्नल, ना पाटी, ना पट्टा. नवरा मागून वाचत होता, जर्मनीत याला रेख्ट्स फोअर लिंक्स म्हणतात, म्हणजे पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणारा आधी. तो बोळातून येत असेल आणि आपला रस्ता मोठा दिसत असेल तरीही. उजवीकडचा माणूस हक्काचं असल्यासारखा सरळ येतो, तो आपल्याकडे बघतच नाही, कारण आपण थांबणार हे त्याला माहीतच असतं.

बाबा म्हणाले, "अगं हा तर आपलाच नियम आहे." आणि खरंच आहे. आपल्याकडच्या १९८९ च्या रस्ता वाहतूक नियमांत (२०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे आले) हेच लिहिलं होतं, चौकात मुख्य रस्ता ठरवलेला असेल तर त्यावरच्या गाड्या आधी, नसेल तर आपल्या उजव्या हाताने येणारी आधी. बाबांनी तो भरतीच्या वेळी पाठ केला होता. "इतकी वर्षं गाडी चालवली पण चौकात हा नियम पाळलेला आज पहिल्यांदा बघतोय," असं म्हणाले आणि मग संध्याकाळी जेवण झाल्यावर एकटेच खाली जाऊन त्या चौकात बराच वेळ गाड्या बघत उभे राहिले.

चौकोन कोपऱ्यावर उभा करून पिवळ्या रंगाने भरलेली आणि पांढरी कड असलेली पाटी दिसली की समजायचं आपण मुख्य रस्त्यावर आहोत, आता उजवीकडचा थांबेल. त्याच पाटीवर काळ्या रेघा मारलेल्या दिसल्या की तो हक्क संपला. ही एक पाटी ओळखता आली की जर्मनीतली अर्धी धाकधूक जाते.

रविवार, म्युनिक ते इन्सब्रुक

ऑटोबान, म्हणजे जर्मनीतला हायवे. सगळे विचारतात खरंच स्पीड लिमिट नाही का. जिथे पाटी नाही तिथे नाही, पण १३० हा शिफारस केलेला वेग आहे, आणि पाट्या भरपूर असतात, १२०, १००, कामं चालू असतील तर ८०. वेगापेक्षा लेनचं बघा. सगळ्यात डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी, झालं की लगेच उजवीकडे यायचं. उजवीकडून ओव्हरटेक करायचा नाही म्हणजे नाही. मी आरशात बघितलं तेव्हा मागची गाडी ठिपक्याएवढी होती, लेन बदलेपर्यंत ती शेजारून निघून गेलेली, एवढा वेगाचा फरक असतो. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर डाव्या बाजूनेही कोण येतंय का बघत चालवायची सवय असते आपल्याला, इथे ती एक बाजूची काळजी कमी होते आणि खरं सांगते, थकवा खूप कमी येतो.

बाबांच्या लक्षात आलं की रस्त्यावर ट्रक नाहीत. जर्मनीत रविवारी रात्री १० पर्यंत साडेसात टनांवरच्या मालट्रकांना बंदी असते. पुढे रेस्ट एरियात थांबलो तर सगळे ट्रक तिथे रांगेत उभे, ड्रायव्हर खुर्च्या टाकून बसलेले, कोणी दोरीवर कपडे वाळत घातलेले, कोणी स्वयंपाक करतंय. बाबा तिथे रेंगाळले, भाषा येत नव्हती पण एका ट्रकवाल्याला त्यांनी हाताने स्टीअरिंग फिरवून दाखवलं, मीपण ड्रायव्हर आहे, तर त्याने कॉफी देऊ केली.

पेट्रोलकडे मात्र लक्ष ठेवा. ऑटोबानवर विनाकारण थांबणं गुन्हा आहे आणि पेट्रोल संपलं हे कारण धरत नाहीत, ते तुमच्या हातात होतं असं मानतात. अजून एक, कॅमेरा कुठे आहे ते सांगणारी अॅप जर्मनीत ड्रायव्हरला वापरता येत नाहीत. आम्ही नेव्हिगेशनमधलं ते सेटिंग बंद केलं.

ऑस्ट्रियाच्या हायवेवर विन्येट लागतं, म्हणजे टोलचा पास. बॉर्डरच्या आधीच्या पंपावर मिळतो, ऑनलाइनही मिळतो. आम्ही १० दिवसांचा घेतला. स्टिकर घेतला तर काचेवर नीट चिकटवायचा, हातात धरून दाखवलेला चालत नाही.

इन नदीच्या खोऱ्यात शिरल्यावर १०० ची पाटी आणि तिच्याखाली आयजी-एल अशी अक्षरं. रस्ता सरळ, रिकामा, आणि तरी सगळे १०० ने चाललेले. ती अक्षरं हवेच्या प्रदूषणाच्या कायद्याची आहेत, दोन्ही बाजूंनी डोंगर असल्यामुळे धूर खोऱ्यातच साठतो म्हणून वेग कमी ठेवलाय, आणि ऑस्ट्रियातल्या हिरव्या अक्षरांच्या नंबरप्लेटवाल्या इलेक्ट्रिक गाड्यांना तो लागू नाही. म्हणजे शेजारून एखादी गाडी १३० ने गेली म्हणून तिच्या मागे जाऊ नका.

आणि ऑस्ट्रियाचा सिग्नल मला फार आवडला. हिरवा संपायच्या आधी चार वेळा लुकलुकतो, मग पिवळा. ब्रेक कधी मारायचा हा प्रश्नच राहत नाही. असा सिग्नल आपल्याकडे नाशिक फाट्याला असता तर, असं मी म्हणत होते आणि नवरा म्हणाला तिथे आकड्यांचा टायमर असूनसुद्धा लोक ३ उरल्यावर निघतात. ते खरंय, पण तरी मला वाटतं सिग्नल स्पष्ट असेल तर निम्मे लोक नक्की पाळतील.

सोमवार, ब्रेनर ओलांडून

काल विन्येट घेतलं म्हणजे सगळं झालं असं वाटलं होतं तर नाही, इन्सब्रुकपासून ब्रेनर खिंडीपर्यंतच्या रस्त्याचा टोल वेगळा. याच रस्त्यावर १९६३ साली सुरू झालेला युरोपा ब्रिज आहे, १९० मीटर उंच. गाडीतून उंची कळत नाही, आई म्हणाली बरं झालं.

खिंड ओलांडली की इटली, आणि इथे रंग उलटे. जर्मनी आणि ऑस्ट्रियात हायवेची पाटी निळी होती, इटलीत हायवे हिरवा आणि निळा म्हणजे साधा रस्ता. डोळ्यांना निळ्याची सवय लागलेली असते म्हणून फाटा जवळ आला की शेजारच्या माणसाने मोठ्याने वाचायचं, हे आम्ही ठरवून टाकलं. त्यात या भागात प्रत्येक गावाला दोन नावं, जर्मन आणि इटालियन. श्टेर्त्सिंग आणि विपितेनो एकच गाव, बोत्सन आणि बोल्झानो एकच. आम्हाला जायचं होतं ते ऑर्टिसेई, त्याचं जर्मन नाव सांक्ट उलरिख, आणि तिथल्या लादिन भाषेत अजून तिसरं. नेव्हिगेशन एक नाव बोलतं, पाटीवर दुसरं वरती असतं. निघायच्या आधी दोन्ही नावं कागदावर लिहून डॅशबोर्डला लावा.

विपितेनोला हायवेच्या टोलचं तिकीट घ्यायचं, पैसे बाहेर पडताना. तिकीट हरवलं तर सगळ्यात लांबच्या नाक्यापासूनचा टोल लावतात, त्यामुळे ते आईच्या पर्समध्ये गेलं. बाहेर पडताना लेन बघून शिरायचं. पिवळी पाटी टेलीपासची, म्हणजे आपल्या फास्टॅगसारखं, आपल्याकडे ते नसतं म्हणून तिकडे जायचं नाही. निळी पाटी कार्डाची. पांढऱ्या पाटीवर हात आणि नाण्यांचं चित्र असतं ती रोख पैशाची. चुकीच्या लेनमध्ये शिरलेली एक गाडी पुढे रिव्हर्स यायला लागली होती, मागचे सगळे हॉर्न वाजवत होते, असं करायला सक्त मनाई आहे, अशा वेळी बटण दाबून मदत मागायची आणि तिथेच थांबायचं.

मंगळवार, डोलोमाइट्सचे घाट

हा दिवस बाबांचा. गार्डेना आणि सेल्ला अशा दोन खिंडी केल्या. प्रत्येक हेअरपिन वळणाला नंबरची पाटी आहे, त्यामुळे कुठे काही झालं तर नेमकं कुठल्या वळणावर ते फोनवर सांगता येतं, किती साधी गोष्ट आणि किती उपयोगाची. चंदनापुरी घाटात एक, दोन असे आकडे लावायला काय खर्च येईल, असं बाबा दोन-तीनदा म्हणाले.

अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चढणारी आधी. हा तर आपलाही नियम, आणि बाबा तो आयुष्यभर पाळत आलेत, उतरणीला भरलेली एसटी थांबवून खालून येणाऱ्या ट्रकला वाट दिलेली मी लहानपणी त्यांच्या मागे बसून बघितलीय. इटलीत आणखी एक आहे, मागे घ्यायची वेळ आली आणि समोर बस असेल तर छोट्या गाडीनेच मागे जायचं. एका वळणावर आमच्यासमोर प्रवाशांची बस आली, जागा अगदी थोडी, नवरा चालवत होता, त्याने गाडी मागे घेऊन कडेला लावली. बसवाल्याने जाताना हात वर केला. बाबांनीही केला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि नंतर म्हणाले, "जावईबापू, बस मागे घेताना मागचं काही दिसत नाही, मागे कंडक्टर असला तरी छातीत धडधडतं, तुम्ही त्याची फार मोठी अडचण सोडवलीत."

बुधवार, फ्लॉरेन्सपर्यंत

लांबचा दिवस, वेरोना, मोडेना, बोलोन्या मागे टाकत. बघण्यासारखं फार नाही पण नियमांचं आहे. इटलीच्या हायवेला १३०, पाऊस असेल तर ११०, वायपर सुरू केले की वेग खाली आणायचा असं लक्षात ठेवा. इथे ट्युटर नावाची यंत्रणा आहे, एका कमानीखाली गाडीची वेळ टिपते, पुढच्या कमानीखाली परत, आणि मधला सरासरी वेग काढते. म्हणजे कॅमेऱ्यापुरतं हळू आणि मग पुन्हा जोरात, हे चालत नाही. कॅमेरा असला तर आधी पाटी लावणं मात्र इटलीत बंधनकारक आहे.

बोलोन्याच्या पुढे रस्ता दोन ठिकाणी फुटतो आणि दोन्ही पाट्यांवर फ्लॉरेन्स लिहिलेलं. गोंधळू नका, दोन्ही तिकडेच जातात. पानोरामिका म्हणजे जुना डोंगरातला रस्ता, दिरेत्तिस्सिमा म्हणजे २०१५ साली सुरू झालेला नवा, बोगद्यांचा. आम्ही नवा घेतला.

फ्लॉरेन्समध्ये गाडी न्यायचीच नाही हे आधीच पक्कं केलं होतं. हायवेवरच व्हिला कोस्तान्झा नावाचं पार्किंग आहे, त्यात शिरायला हायवे सोडावा लागत नाही, आणि पलीकडच्या दारातून थेट ट्राम, जी शहराच्या मुख्य स्टेशनपर्यंत नेते. बॅगा घेऊन ट्रामने गेलो, गाडी तिथेच. इटलीला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगणारेय.

गुरुवार, फ्लॉरेन्स, पायी

गाडी का नेली नाही ते आज दिसलं. जुन्या शहराच्या प्रत्येक तोंडाला पांढरा गोल, लाल कड, खाली झोना त्राफिको लिमितातो. फक्त रहिवाशांच्या आणि परवाना असलेल्या गाड्या. फाटक नाही, दोरी नाही, पोलीस नाही, वर एक कॅमेरा, तो नंबर टिपतो आणि दंड घरी येतो. परदेशी माणसाला तो ३६० दिवसांत कधीही येऊ शकतो. त्याच्याआधी गाडीची कंपनी तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याचे वेगळे पैसे कार्डातून कापून घेते. आणि पूर्वी तर प्रत्येक वेळी शिरलं की वेगळा दंड असायचा, रस्ता चुकून तीन कॅमेऱ्यांखालून गेलात तर तीन.

आम्ही एका तोंडाशी उभं राहून बघितलं. इलेक्ट्रॉनिक पाटीवर वार्को अत्तीवो असं उमटतं तेव्हा बंदी चालू असते, वार्को नॉन अत्तीवो असेल तेव्हा आत जाता येतं. बऱ्याच जणांना वाटतं अत्तीवो म्हणजे रस्ता चालू. नाश्त्याला पुण्याचंच एक कुटुंब भेटलं, त्यांचं मागच्या खेपेला असंच झालं होतं, घरी गेल्यावर कितीतरी महिन्यांनी कागद आले, एका संध्याकाळचे चार. मला त्या लोकांचं वाईट वाटलं, कारण त्यांनी पाटी वाचली होती, वाचूनच आत गेले होते. जी पाटी परक्या माणसाला बरोबर उलटा अर्थ सांगते तिच्याखाली एक चित्र तरी लावायला हवं, हे माझं स्पष्ट मत आहे. हॉटेल आत असेल तर हॉटेलवाले तुमचा नंबर नोंदवून सामान उतरवायला परवानगी मिळवून देऊ शकतात, पण ते जायच्या आधी, लेखी विचारा, आणि कुठल्या रस्त्याने यायचं तेही विचारा.

शुक्रवार, सिएना

सिएनाचंही जुनं शहर गाड्यांना बंद, तटाबाहेर लावायची. पार्किंगच्या रेघा: पांढरी फुकट, निळी पैशाची, पिवळी राखीव. पांढरी असली तरी वरची पाटी वाचा. तिच्यावर कधी दोन हातोडे एकमेकांवर ठेवलेले असतात आणि शेजारी वेळ, कधी क्रॉस आणि वेळ. हातोडे म्हणजे कामाचे दिवस आणि त्यात शनिवारही धरतात, क्रॉस म्हणजे रविवार आणि सणाचे दिवस. काही रस्त्यांवर अजून एक पाटी असते झाडलोटीची, अमुक वारी रात्री रस्ता धुणार, तेव्हा गाडी दिसली तर उचलून नेणार. आम्ही सरळ पैसे भरून मोठ्या पार्किंगमध्ये लावली आणि तिथून सरकत्या जिन्यांनी वर शहरात गेलो. आईचे गुडघे वाचले. काम्पोचा चौक उतरता आहे, शिंपल्यासारखा, सगळे जमिनीवरच बसतात, आम्हीही बसलो आणि संध्याकाळपर्यंत हललो नाही.

शनिवार, रविवार, परत

शनिवारी नुसतं चालवलं, मुक्काम पुन्हा इन्सब्रुकला.

रविवारी म्युनिकच्या अलीकडे, रोझेनहाइमच्या पुढे ट्रॅफिक जॅम लागला. लाल दिवे लागायला लागले आणि सगळ्या गाड्या थांबायच्या आधीच सरकायला लागल्या, डाव्या लेनमधल्या पार डाव्या कडेला, बाकी सगळ्या उजवीकडे. मधे एक पूर्ण गाडी जाईल एवढी वाट. आम्हीही उजवीकडे घेतली. याला रेटुंग्सगासे म्हणतात, आणि महत्त्वाचं हे की अँब्युलन्सचा आवाज आल्यावर नाही, जॅम सुरू होतानाच ही वाट करायची, कारण गाड्या एकदा चिकटून उभ्या राहिल्या की हलायला जागा उरत नाही. नाही केली तर किमान २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. ऑस्ट्रियातही हाच नियम आहे.

बराच वेळ कोणी आलं नाही. वाट मोकळीच. कोणी त्यात घुसलं नाही, मोटारसायकलवालेसुद्धा. मग मागून निळा दिवा आला, अँब्युलन्स, तिच्यामागे अग्निशमनची गाडी, आणि दोन्ही जवळपास पूर्ण वेगाने गेल्या.

बाबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी सांगितलं, घाटात एकदा त्यांच्याच बसमधल्या बाईला कळा सुरू झाल्या होत्या, पुढे ट्रक पलटी झालेला, अँब्युलन्स खाली येऊन उभी होती पण वरपर्यंत पोचेना. त्यांनी गाडी कडेला दाबून जागा केली की मागची जीप त्या जागेत यायची. शेवटी लोकांनी त्या बाईला झोळी करून खाली नेलं. ती वाचली, बाळ नाही. ही गोष्ट त्यांनी घरी कधी सांगितली नव्हती, आईलाही नाही.

गाडी परत करेपर्यंत बाबांच्या डायरीत या वाटेचं चित्र काढून झालं होतं. आपण डावीकडून चालतो म्हणून सगळं उलटं करावं लागतं: सगळ्यात उजवी लेन डिव्हायडरला चिकटून उजवीकडे, मधली आणि डावी दोन्ही डावीकडे, वाट उजवीकडून पहिल्या आणि दुसऱ्या लेनच्या मधे. समृद्धीवर आणि पुणे-मुंबईवर एका बाजूला तीन लेन आहेत, म्हणजे जागा आहे. दोन लेनच्या रस्त्याचं वेगळं चित्र, घाटाचं वेगळं, घाटात डिव्हायडर नसतो तिथे काय करायचं याचा एक पूर्ण पान विचार. भोसरीला एसटीची प्रशिक्षण संस्था आहे तिथे हे पाठवायचंय त्यांना, निदान नवीन ड्रायव्हर तरी जॅम दिसला की आधी बाजूला सरकतील, एसटी सरकली की मागचे सरकतात असं त्यांचं म्हणणं आहे. मी टाइप करून देतेय, चित्रं नवरा कॉम्प्युटरवर काढतोय, घाटाच्या पानावर अजून त्यांचं काम चालू आहे.